वेदी आणि भिंत : चिकानो कवी-कलावंतांचा शोक व सांस्कृतिक अस्मिता

(व्याख्यानाचा मजकूर)

२९ ऑगस्ट १९७० रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या पूर्व भागात मेक्सिकन वंशाच्या वीस हजारांहून अधिक नागरिकांनी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध मोर्चा काढला. त्या युद्धात त्यांची मुले त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी अधिक संख्येने मारली जात होती. लेकुरवाळ्या स्त्रिया, वृद्ध, विद्यार्थी असा सारा समुदाय लागुना पार्क या उद्यानात सभेसाठी बसलेला असताना पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला आणि सभा उधळून लावली. त्यानंतर काही वेळाने व्हिटियर रस्त्यावरील 'सिल्व्हर डॉलर' नावाच्या मद्यगृहात पत्रकार रुबेन सालाझार थांबले असता, शेरीफच्या एका शिपायाने दारातून आत झाडलेले अश्रुधुराचे नळकांडे त्यांच्या डोक्याला लागले व त्यांचा मृत्यू झाला. त्या दिवसाच्या घटनांत एकूण तिघांचा बळी गेला. सालाझार यांच्या मृत्यूची चौकशी झाली, साक्षी झाल्या. खटला मात्र कोणावरही भरला गेला नाही.

जो मृत्यू राज्ययंत्रणेच्या हातून घडला आणि ज्याची जबाबदारी कोणत्याही न्यायालयाने कोणावरही टाकली नाही, त्या मृत्यूचे दुःख एखाद्या जनसमूहाने करावे तरी काय? ते मुकाट्याने गिळावे, देवाच्या दारात ठेवावे, की सूडाच्या आगीत जाळून टाकावे? चिकानो कवी आणि चित्रकार यांनी गेल्या साठ वर्षांत या प्रश्नाला आपल्या कृतींतून उत्तर दिले आहे. त्या उत्तराचे सार असे सांगता येईल : शोक घराच्या कोपऱ्यात लपवू नये, तो रस्त्यावर आणावा; मृतांची नावे घ्यावीत; आणि नाव घेताना मृत्यूचे कारणही सांगावे. कारण सांगितल्यावाचून केलेले सांत्वन हे अखेर विस्मरणाचेच दुसरे नाव ठरते.

सीमेने ओलांडलेली माणसे

या शोकाचे मूळ समजण्यासाठी १८४८ या वर्षापर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी २ फेब्रुवारीस ग्वादालूपे इदाल्गो येथे झालेल्या तहान्वये पराभूत मेक्सिकोने कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको व आसपासचा अफाट मुलूख अमेरिकेच्या स्वाधीन केला. आधीच हातचे गेलेले टेक्सास धरले तर मेक्सिकोची निम्म्याहून अधिक भूमी गेली. मोबदला ठरला दीड कोटी डॉलर. या मुलखात राहणारे ऐंशी हजार ते एक लाख मेक्सिकन लोक एका रात्रीत परक्या राष्ट्राचे रहिवासी झाले. त्यांनी सीमा ओलांडली नव्हती. सीमेनेच त्यांना ओलांडले होते. तहात त्यांच्या मालमत्तेच्या रक्षणाची हमी होती; परंतु जमिनीच्या जुन्या सनदा मान्य करणारे कलमच अमेरिकन सिनेटने गाळून टाकले. पुढील काही दशकांत कोर्टकचेऱ्या, कर आणि कर्ज यांच्या चरकातून त्यांच्या जमिनी गेल्या आणि जमिनीचे धनी तिथेच मजूर झाले.

त्यानंतरचा इतिहास हा गरजेनुसार बोलावण्याचा आणि गरज संपताच हाकलण्याचा आहे. १९३० च्या मंदीत लाखो मेक्सिकन वंशीयांना आगगाड्यांत बसवून सीमेपार पाठवण्यात आले. त्यांत अमेरिकेतच जन्मलेल्या नागरिकांचा भरणा मोठा होता. युद्धकाळात मजूर कमी पडताच १९४२ मध्ये 'ब्रासेरो' नावाची करारी मजुरांची योजना आली. १९६४ पर्यंत तिच्याखाली सुमारे ४५ लाख करार झाले. शेतात हातभर दांड्याचे खुरपे दिले जाई, म्हणजे मजूर दिवसभर वाकलेलाच राहावा आणि कोण उभा आहे हे मुकादमाला दुरूनही दिसावे. पाठीचे मणके झिजवणारे हे अवजार कॅलिफोर्नियात १९७५ मध्ये बंद झाले.

जमीन गेली, पाठ मोडली, तशीच भाषाही मोडण्याचा प्रयत्न झाला. शाळेच्या आवारात स्पॅनिश शब्द उच्चारला तरी छडी बसे. टेक्सासमधील मार्फा गावी मेक्सिकन वंशाच्या मुलांसाठी वेगळी ठेवलेली ब्लॅकवेल नावाची शाळा होती. तिथे १९५४ मध्ये जे घडले ते कोणत्याही कवीच्या कल्पनेपलीकडचे आहे. मुलांना कागदाच्या चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहायला सांगण्यात आले. त्या चिठ्ठ्या एका पेटीत घालण्यात आल्या आणि ध्वजस्तंभाजवळ खड्डा खणून ती पेटी पुरण्यात आली. 'श्रीयुत स्पॅनिश' यांचा तो अंत्यविधी होता! आपल्या आईच्या तोंडच्या भाषेला माती देण्यासाठी लहान मुलांना उभे करण्यात आले. २००७ मध्ये त्याच शाळेचे वयोवृद्ध झालेले माजी विद्यार्थी पुन्हा त्या जागी जमले व त्यांनी त्या पुरलेल्या भाषेला समारंभपूर्वक जमिनीबाहेर काढले. आज ती शाळा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जतन केली गेली आहे. पुरणे आणि उकरून काढणे या दोन क्रियांत चिकानो संस्कृतीचा सारा इतिहास सामावला आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

'चिकानो' हा शब्दही असाच उकरून काढलेला आहे. आधीच्या पिढीत तो गरीब, अडाणी मेक्सिकन मजुराला हिणवण्यासाठी वापरला जाई. १९६० नंतरच्या तरुणांनी तो अभिमानाने स्वीकारला. आपण कोण, याचे उत्तर त्यांनी सरकारी खानेसुमारीच्या तक्त्यात न शोधता ज्यांना हिणवले गेले त्यांच्या रांगेत शोधले, हा या शब्दाचा अर्थ होय.

भाड्याच्या खोलीतील मृत्यू

१९७० च्या सुमारास होसे मोंतोया यांची 'एल लुई' ही शोककविता गाजू लागली. मोंतोया यांचे बालपण न्यू मेक्सिकोत व पुढे कॅलिफोर्नियाच्या शेतमळ्यांत गेले होते, आणि कोरियाच्या युद्धात ते नौदलात होते. त्यांनी ज्याच्यावर विलापिका लिहिली तो कोणी सेनापती नव्हता वा हुतात्माही नव्हता. लुई हा एका लहान गावातला पाचुको तरुण : ढगळ, झोकदार पोशाख करणारा, नाचणारा, सिनेमातल्या नायकांची नक्कल करणारा, कोरियाच्या युद्धावरून परतलेला आणि शेवटी एका भाड्याच्या खोलीत एकाकी मेलेला. वर्तमानपत्राने त्याच्यासाठी दोन ओळी खर्च केल्या नसत्या. मोंतोया यांनी त्याला पूर्ण कविता दिली आणि तीही त्याच्याच बोलीत : इंग्रजी, स्पॅनिश आणि गल्लीतली कालो बोली यांच्या मिश्रणात.

भाषेची ही निवड कविता सजवण्यासाठी नव्हती. शाळेने जी जीभ पुरली होती तीच येथे मृताच्या उशाशी बसून बोलत होती. शुद्ध इंग्रजीत लुईचा शोक करता आला नसता, कारण शुद्ध इंग्रजीत लुई अस्तित्वातच नव्हता. आणि शुद्ध स्पॅनिशमध्येही तो नव्हता. पाचुको तरुणांना १९४३ च्या जून महिन्यात लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर गोऱ्या खलाशांनी व सैनिकांनी कपडे फाडून बडवले होते, तर मेक्सिकोतील प्रतिष्ठित साहित्यिक त्यांना मुळे तुटलेली माणसे समजत होते. दोन्हीकडून नाकारलेल्या या माणसाला मोंतोया यांनी शोक करण्यायोग्य मानले. एखाद्या समाजात कोणाच्या मृत्यूवर कविता होऊ शकते आणि कोणाच्या नाही, यावरून त्या समाजाची वर्गव्यवस्था कळते. 'एल लुई'ने ती रेषा ओलांडली.

मोंतोया केवळ विलाप करीत बसले नाहीत, हेही सांगणे आवश्यक आहे. सॅक्रामेंटो शहरात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'रिबेल चिकानो आर्ट फ्रंट' ही कलावंतांची आघाडी उभारली. तिच्या आद्याक्षरांवरून लोक कॅनडाच्या शाही हवाई दलाशी गल्लत करू लागले, तेव्हा या मंडळींनी हसत हसत 'रॉयल चिकानो एअर फोर्स' असेच नाव धारण केले आणि वैमानिकांच्या टोप्या घालून शेतमजूर युनियनची भित्तिपत्रके छापली. विलाप आणि विनोद ही या परंपरेची जुळी भावंडे आहेत.

शेताच्या बांधावरची रंगभूमी

८ सप्टेंबर १९६५ रोजी कॅलिफोर्नियातील डेलानो येथे द्राक्षमळ्यांतील फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलिओंग यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला. १६ सप्टेंबरला सेसर चावेझ व डोलोरेस हुएर्ता यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यात सामील झाली. या संपाच्या रणधुमाळीत डेलानोतच जन्मलेले, शेतमजुराचे पुत्र लुईस वाल्डेझ यांनी 'एल तेआत्रो काम्पेसिनो' म्हणजे शेतमजुरांचे नाट्यपथक स्थापन केले. उघड्या ट्रकचा सपाट हौदा हे त्याचे व्यासपीठ. 'मालक', 'संपफोड्या', 'संपकरी' अशा पाट्या गळ्यात अडकवून मजूरच नटांचे काम करीत. मालकाची भूमिका करणारा मजूर जेव्हा मालकाचे सोंग हुबेहूब वठवी, तेव्हा पिढ्यान्पिढ्या उराशी बाळगलेली भीती हास्याच्या लाटेत वाहून जाई. ज्याला मानसोपचाराचे नाव कोणी दिले नाही, असा तो सामूहिक उपचारच होता.

परंतु हसण्याने गोळी थांबत नाही. १९७३ च्या ऑगस्टमध्ये, करारांच्या नूतनीकरणावरून पुन्हा संप पेटला असता, येमेनहून आलेला तरुण मजूर नागी दैफल्ला आणि साठीला पोहोचलेले मेक्सिकन मजूर हुआन दे ला क्रूझ हे दोघे अवघ्या काही दिवसांच्या अंतराने मारले गेले. त्यांच्या अंत्ययात्रांत हजारो मजूर चालले. एक मुसलमान, एक कॅथॉलिक. एकाची मातृभाषा अरबी, दुसऱ्याची स्पॅनिश. शोकाने तेथे जी बिरादरी निर्माण केली ती रक्ताच्या नात्याहून मोठी होती. चिकानो चळवळीतील काही प्रवक्ते जेव्हा प्राचीन 'आस्त्लान' भूमीच्या आणि वंशाच्या गौरवात रमू लागले, तेव्हा द्राक्षमळ्यांतील या दोन शवपेट्यांनी त्यांना आठवण करून द्यावयास हवी होती की त्यांच्या अस्मितेचा पाया श्रमात आहे.

वेदी : वारसा, पण नव्याने घडवलेला

चिकानो शोकाचे सर्वांत परिचित रूप म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत साजरा होणारा मृतांचा दिवस आणि त्यासाठी मांडली जाणारी वेदी, जिला स्पॅनिशमध्ये 'ओफ्रेंदा' म्हणतात. मृताचे छायाचित्र, मेणबत्त्या, झेंडूची फुले, पाव, पाणी, त्याला आवडणारा पदार्थ, साखरेच्या कवट्या अशी तिची मांडणी. झेंडूच्या पाकळ्यांची वाट धरून मृतात्मे घरी येतात अशी श्रद्धा.

पुष्कळांची समजूत अशी आहे की ही प्रथा चिकानो घरांत अखंड चालत आली असावी. वस्तुस्थिती तशी नाही. अमेरिकेतील शहरी कुटुंबांपैकी अनेकांत ती विसरली गेली होती, किंवा कबरीवर फुले वाहण्यापुरती उरली होती. १९७० च्या दशकाच्या आरंभी पूर्व लॉस एंजेलिसमध्ये कॅरन बोक्कालेरो या मुद्राचित्रकार जोगिणीने, मेक्सिकोहून आलेल्या कार्लोस बुएनो व अंतोनियो इबान्येझ या कलावंतांच्या साथीने 'सेल्फ हेल्प ग्राफिक्स' हे कलाकेंद्र उभे केले. त्याच सुमारास सान फ्रान्सिस्कोत 'गालेरिया दे ला रासा' हे केंद्र काम करू लागले. या दोन ठिकाणी कलावंतांनी वेदी घराबाहेर काढून सार्वजनिक केली. लॉस एंजेलिसमध्ये तोंडे रंगवून, सांगाड्यांचे वेष करून मिरवणूक निघाली. ज्या वस्तीत काही वर्षांपूर्वी पोलिसांनी मोर्चा उधळला होता, त्याच वस्तीत लोक पुन्हा रस्त्यावर आले, यावेळी आपल्या मृतांना बरोबर घेऊन.

त्यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. संस्कृती ही आजोबांच्या पेटीत जशीच्या तशी सापडणारी वस्तू नसते. ती गरजेपोटी पुन्हा शिकावी लागते, कधी नव्या स्थलांतरिताकडून, कधी पुस्तकातून, तर कधी होसे ग्वादालूपे पोसादा यांच्यासारख्या, दारिद्र्यात मेलेल्या मेक्सिकन खोदचित्रकाराच्या, पैशा-दोन पैशांना विकल्या गेलेल्या सांगाड्यांच्या चित्रांतून. नव्याने शिकलेली म्हणून ती खोटी ठरत नाही.

वेदीला कलादालनात नेण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते त्यांत अमालिया मेसा-बेन्स यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी चिकित्सक मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आहे, हा योगायोग नव्हे. १९८४ मध्ये त्यांनी मेक्सिकन अभिनेत्री डोलोरेस देल रियो हिच्यासाठी वेदी मांडली. चकचकीत कापड, आरसे, छायाचित्रे, अत्तराच्या कुप्या, वाळलेल्या पाकळ्या असे सामान्य घरातल्या बाईच्या ड्रेसिंग टेबलावरचे साहित्य तिच्यात होते. घरातील कोपऱ्यात देव्हारा सांभाळणाऱ्या बाईच्या हातची कला ही कला म्हणून कोणी मोजली नव्हती. मेसा-बेन्स यांनी ती मोजावयास लावली. आठवणींचे तुकडे मांडून ठेवण्याची ही क्रिया मन सावरण्याचीही क्रिया आहे, ही त्यांची भूमिका.

एस्तेर हर्नांडेझ यांनी वेदीतील सांगाडा उचलून थेट बाजारपेठेत नेला. त्या कॅलिफोर्नियातील दिनुबा या गावच्या, शेतमजूर कुटुंबात वाढलेल्या. आपल्या गावचे पाणी शेतीच्या विषारी औषधांनी दूषित झाल्याचे त्यांना पुढे कळले. हेच पाणी आपल्या माणसांनी वर्षानुवर्षे प्यायले होते! १९८२ मध्ये त्यांनी एक छापील चित्र काढले. मनुकांच्या एका सर्वपरिचित डब्यावर टोपडे घातलेली, हातात द्राक्षांची टोपली घेतलेली हसरी तरुणी असे. हर्नांडेझ यांच्या चित्रात टोपडे तेच, टोपली तीच; चेहऱ्याच्या जागी कवटी. कोणताही आक्रोश नाही. परंतु एकदा ते चित्र पाहिलेल्या माणसाला तो डबा पुन्हा पूर्वीसारखा दिसत नाही. मृत्यूचे कारण सांगणारा शोक म्हणतात तो हाच.

भिंत : चुन्याखालचे चित्र

वेदी दोन दिवसांची, तर भिंत वर्षांची. चिकानो भित्तिचित्रांची परंपरा मेक्सिकोच्या क्रांतीनंतरच्या चित्रकारांकडून आली. या क्रांतिकारक चित्रकलेशी महाराष्ट्राचाही एक धागा जोडलेला आहे. वर्ध्याचे गदर क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले, चापिंगो येथील कृषिविद्यालयात अध्यापक झाले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा चालवू लागले. दिएगो रिवेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर श्रमिकांच्या पंगतीत भाकरी वाटणारा माणूस म्हणून खानखोजे यांचेच चित्र काढले आहे.

रिवेरा यांचे समकालीन, कम्युनिस्ट चित्रकार दाविद आल्फारो सिकेरोस यांनी १९३२ मध्ये लॉस एंजेलिसच्या ओल्वेरा रस्त्यावर 'आमेरिका त्रोपिकाल' हे भव्य भित्तिचित्र काढले. प्रवाशांसाठी रम्य मेक्सिकन देखावा मिळेल अशी आयोजकांची अपेक्षा होती. सिकेरोस यांनी क्रुसावर चढवलेला आदिवासी मजूर काढला आणि त्याच्या माथ्यावर पंख पसरलेला गरुड. थोड्याच काळात ते चित्र चुन्याने पोतून टाकण्यात आले. परंतु ऊन-पावसाने चुना झिजत गेला आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस, चिकानो चळवळ उभी राहत असतानाच, क्रुसावरील देह पुन्हा भिंतीतून पुसटसा डोकावू लागला. २०१२ पासून ते जतन केलेले चित्र सर्वांना पाहता येते. दडपलेल्या दुःखाचे याहून बोलके प्रतीक सापडणे कठीण.

सान दिएगोतील लोगान वस्तीची कथाही अशीच. आधी महामार्गाने आणि मग १९६९ मध्ये खुल्या झालेल्या कोरोनाडो पुलाने ही वस्ती चिरली गेली. हजारो माणसे विस्थापित झाली. पुलाखालच्या जागेत बाग होणार असे वाटत असता तेथे महामार्ग पोलिसांचे ठाणे उभे राहणार असल्याचे २२ एप्रिल १९७० रोजी उघड झाले. रहिवाशांनी जमीन ताब्यात घेतली, बुलडोझरपुढे साखळी केली, कुदळी घेऊन झाडे लावली. बारा दिवसांनी सरकारला नमावे लागले. १९७३ पासून पुलाच्या त्याच काँक्रीट खांबांवर चित्रे चढू लागली. ज्या खांबांनी वस्ती मोडली तेच वस्तीची चित्रशाळा झाले. २०१६ च्या अखेरीस या 'चिकानो पार्क'ला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला.

लॉस एंजेलिसमध्ये जुडिथ बाका यांनी १९७६ पासून पूरनियंत्रणाच्या एका काँक्रीट कालव्याच्या भिंतीवर शहराचा दडवलेला इतिहास रंगवण्यास प्रारंभ केला. नदीला काँक्रीटमध्ये कोंडणे ही त्यांच्या लेखी जमिनीवरची जखमेची खूण होती. सुमारे पाच उन्हाळे चारशेहून अधिक किशोरवयीन मुलांनी तेथे काम केले; त्यांतील कित्येक पोलीस-कोर्टाचे उंबरठे झिजवलेली होती. सुमारे आठशे चाळीस मीटर लांबीच्या त्या भिंतीवर मेक्सिकनांची हकालपट्टी आहे, जपानी वंशीयांच्या छावण्या आहेत, आणि चावेझ रवीनही आहे. चावेझ रवीन या मेक्सिकन वस्तीतील लोकांना १९५० च्या सुमारास सार्वजनिक घरे बांधून देण्याच्या वचनावर उठवण्यात आले. गृहनिर्माण अधिकारी फ्रँक विल्किन्सन यांनी १९५२ मध्ये आपल्या राजकीय निष्ठांविषयीच्या प्रश्नास उत्तर देण्याचे नाकारताच त्यांच्यावर 'लाल' असा शिक्का मारून त्यांना काढून टाकण्यात आले आणि घरांची योजनाही गुंडाळण्यात आली. त्या जागी १९६२ मध्ये बेसबॉलचे स्टेडियम खुले झाले. कम्युनिस्टविरोधी मोहिमेचे बळी मोजताना छप्पर गमावलेली ही कुटुंबेही मोजली पाहिजेत.

विखुरलेले तुकडे

चळवळीतील स्त्रियांना आणखी एका शोकाशी झुंजावे लागले. चळवळ त्यांना आई म्हणून पूजत होती, तर सभेत चहा-जेवणाची व्यवस्था त्यांच्याकडे देत होती. योलांडा लोपेझ यांनी १९७८ मध्ये ग्वादालूपेच्या मेरीमातेच्या तेजोवलयात तीन सामान्य स्त्रिया बसवल्या : बूट घालून धावत सुटलेली स्वतः चित्रकर्ती, शिवणयंत्रावर बसून मातेचा ताऱ्यांचा शेला शिवणारी आई, आणि आसनस्थ आजी. देवीचे तेज शिंपिणीच्या खांद्यावर आले. सान अंतोनियोच्या कवयित्री कार्मेन ताफोया यांनी एम्मा तेनायुका यांची आठवण पुढच्या पिढीसाठी जागवली. १९३८ मध्ये अवघ्या एकविसाव्या वर्षी पेकान फोडणाऱ्या सुमारे बारा हजार कामगारांच्या संपाचे नेतृत्व करणाऱ्या या कम्युनिस्ट तरुणीला पुढे आपले शहर सोडावे लागले होते. ताफोया यांनी तेनायुका यांच्या भाचीसमवेत २००८ मध्ये तिच्यावर मुलांसाठी द्वैभाषिक पुस्तक लिहिले.

ग्लोरिया आन्झाल्दुआ (१९४२–२००४) या दक्षिण टेक्सासच्या शेतमजूर कुटुंबातील लेखिकेने १९८७ च्या आपल्या 'बॉर्डरलँड्स' या ग्रंथात सीमेकडे न भरलेली जखम म्हणून पाहिले. पुढे त्यांनी उपचाराचे रूपक शोधले ते आझ्टेक पुराणातील कोयोल्शाऊकी या चंद्रदेवतेत. भावाने तिचे तुकडे करून तिला डोंगरावरून फेकून दिले अशी ती कथा. तिची प्रचंड शिळा १९७८ मध्ये मेक्सिको शहरात सापडली, आणि ती सापडली विद्युतवाहिनीसाठी रस्ता खणणाऱ्या कामगारांना. आन्झाल्दुआ यांचे म्हणणे असे की दुभंगलेल्या माणसाला पूर्वीचे अखंडपण परत मिळत नाही; तुकडे नव्या रीतीने जोडावे लागतात आणि जोडाच्या रेषा दिसतच राहतात. बरे होणे म्हणजे व्रण नाहीसा होणे नव्हे. इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये आणि स्पॅनिशमधून इंग्रजीत अखंड ये-जा करणारे त्यांचे गद्य म्हणजेच तो सांधा होय.

बाजार आणि शोक

जे लोकांनी घडवले ते भांडवलाच्या नजरेतून सुटत नाही. २०१३ च्या मे महिन्यात डिस्ने कंपनीने मृतांच्या दिवसाचे स्पॅनिश नावच व्यापारचिन्ह म्हणून नोंदवण्यासाठी अर्ज केला. व्यंगचित्रकार लालो आल्काराझ यांनी शहरावर चालून येणारा सांगाड्याचा राक्षसी उंदीर काढला, हजारो लोकांनी निषेधाच्या सह्या केल्या आणि काही दिवसांतच कंपनीला अर्ज मागे घ्यावा लागला. पुढे त्याच विषयावरील 'कोको' या २०१७ च्या चित्रपटासाठी कंपनीने आल्काराझ यांनाच सल्लागार नेमले. हा विजय की शरणागती, यावर चिकानो वर्तुळात मतभेद झाले. चित्रपटाने लाखो मुलांना आपल्या आजी-आजोबांची आठवण दिली हे खरे. विक्रीच्या वेदीवर फोटो राहतो आणि मृत्यूचे कारण गळून पडते, हेही तितकेच खरे.

उव्हाल्डेच्या एकवीस भिंती

शेवटी टेक्सासमधील उव्हाल्डे या लहान गावाकडे वळावयास हवे, कारण तेथे या साऱ्या प्रश्नांची कसोटी लागली. १९७० च्या एप्रिलमध्ये तेथील रॉब प्राथमिक शाळेतील एका मेक्सिकन वंशाच्या शिक्षकाचा करार वाढवण्यास शाळामंडळाने नकार दिला. शेकडो विद्यार्थ्यांनी वर्ग सोडले आणि सुमारे सहा आठवडे बहिष्कार चालवला. समान शिक्षण, द्वैभाषिक वर्ग आणि आपल्या समाजाचे शिक्षक या त्यांच्या मागण्या. अनेकांना त्याची किंमत मोजावी लागली आणि न्यायालयीन झगडा दशकानुदशके चालला.

त्याच रॉब शाळेत २४ मे २०२२ रोजी एका बंदूकधाऱ्याने १९ मुले व २ शिक्षिका यांची हत्या केली. शस्त्रसज्ज पोलीस सत्तर मिनिटांहून अधिक काळ त्याच्यापर्यंत पोहोचले नाहीत. त्यानंतर गावातीलच कला-अध्यापक अबेल ओर्तिझ आणि त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने टेक्सासभरच्या कलावंतांनी गावातील इमारतींवर एकवीस भित्तिचित्रे काढली, एकेका मृताचे एकेक. प्रत्येक चित्रकार त्या त्या कुटुंबाबरोबर बसला. मुलाला काय आवडे, कोणता रंग, कोणता खेळ, हे त्याने विचारून घेतले आणि मगच कुंचला उचलला. आज त्या गावातून चालणाऱ्याला ती मुले भिंतीभिंतींतून भेटतात.

या भिंतींनी आई-बापांचे दुःख हलके केले काय? ज्यांचे मूल गेले त्यांच्या वतीने असा दावा कोणी करू नये. परंतु एवढे निश्चित की त्या भिंतींनी शोकाला एकाकी राहू दिले नाही. आणि चित्रे पूर्ण झाली म्हणून पालक घरी बसले नाहीत. मुलांची छायाचित्रे घेऊन ते राज्याच्या राजधानीत, विधिमंडळाच्या दारात पुन्हा पुन्हा उभे राहिले. शस्त्रांच्या बाजारावर बंधन घाला, पोलिसांना जाब विचारा, ही त्यांची मागणी होती. १९७० मध्ये ज्या शाळेसाठी मुलांनी वर्ग सोडले, त्याच शाळेच्या नावाने अर्धशतकानंतर पालकांना रस्त्यावर यावे लागले, यातच या जनसमूहाच्या इतिहासाची क्रूर सलगता दिसते.

साथींनो, शेतमजुराचे पुत्र हुआन फेलिपे हेरेरा हे २०१५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रकवी झाले. त्या पदावर बसलेले ते पहिले लॅटिनो. ज्या मुलांना स्पॅनिश बोलल्याबद्दल छडी बसली, त्यांच्या समाजाने हे स्थान मिळवले. तरीही २०२५ च्या जून महिन्यात त्याच लॉस एंजेलिस शहरात कामाच्या ठिकाणांवर धाडी पडल्या, मजुरांना उचलून नेण्यात आले आणि निदर्शने सुरू होताच रस्त्यांवर सैनिक उतरले. राष्ट्रकवीच्या पदाने मजुराच्या दाराला कडी लागत नाही.

तेव्हा कवितेकडून, वेदीकडून, भिंतीकडून अपेक्षा काय करावी? जखम करणारा हात त्या रोखू शकत नाहीत. तो हात रोखण्याचे काम संघटनेचे, संपाचे, मोर्चाचे आहे. परंतु ज्या माणसांना आपले मृत आठवत नाहीत, आठवले तरी ते कशाने मेले हे ठाऊक नाही, त्यांची संघटना फार काळ टिकत नाही. पूर्व लॉस एंजेलिसमधील त्या लागुना पार्कला आज रुबेन सालाझार यांचे नाव आहे. न्यायालयाने जे नाव दप्तरबंद केले ते लोकांनी उद्यानाच्या दारावर लिहिले. तेथे खेळायला येणारे एखादे मूल कधीतरी विचारणारच, की हा माणूस कोण होता आणि तो कसा मेला? त्या प्रश्नाचे खरे उत्तर देणारा कोणीतरी जवळ असावा, एवढ्यासाठी या कवी-कलावंतांनी आपले आयुष्य वेचले आहे.